पावसाचे सुख आणि न गळणारे छप्पर

मृग लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या ओल्या होतात. धुके, घाट, वाफाळता चहा, कांदाभजी, खिडकीशी बसून ऐकलेली गाणी. पाऊस म्हणजे सुट्टी आणि सुट्टी म्हणजे सुख, असा या लेखांचा सरळ हिशेब असतो. ज्यांना हे सुख मिळते त्यांचा हेवा करण्याचे कारण नाही. पण या हिशेबात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. लिहिणाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर गळत नसते. खिडकीतून पाऊस बघायचा तर आधी खिडकी लागते, खिडकीला भिंत लागते आणि ती भिंत श्रावणापर्यंत उभी राहावी लागते.

घरातल्या चार माणसांनी कोरड्या जागेवर एकत्र बसावे, गरम घास खावा, मुलांनी वाचावे, म्हाताऱ्यांनी ऐकावे, हे सुख दिसायला अगदी साधे आहे. आपल्या समाजाला मात्र ते साधेपणाने मिळालेले नाही. मोर्चे, आरक्षण, अत्याचाराचे खटले सोडून हा वकील पावसावर काय लिहीत बसला, असे कुणी म्हणेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

आमच्या नायगावकडे दोन-तीन दिवस न उघडणाऱ्या पावसाला झड म्हणतात. काळी माती, सोयाबीन-कापसाची शेते आणि चिखलाने बंद झालेल्या पाणंदी. अशा झडीत मराठवाड्यातल्या जुन्या वस्त्यांची काय दशा व्हायची, हे पन्नाशीकडे झुकलेल्या कुणालाही विचारा. घरे माळवदाची. उन्हाळ्याच्या शेवटी माळवदावर नवी माती टाकायची, ती तुडवून बसवायची, म्हणजे पावसाळा निभावतो. ज्याच्याकडे बैलगाडी आणि माणूसबळ होते त्याचे माळवद वेळेवर व्हायचे. जो रोजंदारीने दुसऱ्याच्या माळवदावर माती टाकायला जायचा, त्याचे स्वतःचे माळवद तसेच राहून जायचे. मग झड लागली की घरातले प्रत्येक भांडे गळक्या जागेखाली जायचे आणि स्वयंपाकाला भांडे उरायचे नाही. आई रात्रभर अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवायची. त्यात गावाची जिकडे उतरण, तिकडे आमची वस्ती. वरच्या आळीचे सगळे पाणी खाली आमच्या दारात. पाणी उताराकडे वाहते हा निसर्गनियम आहे. माणसांनी कुठे राहायचे हे मात्र निसर्गाने ठरवले नव्हते, ते जातिव्यवस्थेने ठरवले होते.

झड म्हणजे खुरपण बंद. खुरपण बंद म्हणजे मजुरी बंद. मजुरी बंद म्हणजे दुकानदाराच्या वहीत नवी ओळ. म्हणजे ज्या दिवशी सगळे कुटुंब घरात एकत्र असायचे, त्याच दिवशी चूल पेटायची भ्रांत. ओल्या सरपणाच्या धुराने घर भरायचे आणि डोळ्यांतले पाणी धुराचे की कशाचे, हे कळायचे नाही.

तरीही खरे तेच सांगितले पाहिजे. सुख होते. बांधावर फुकट उगवलेल्या तरोट्याची भाजी, ज्वारीची गरम भाकरी, हुलग्याचे माडगे, तव्यावर भाजलेल्या शेंगा, गुळाचा कोरा चहा. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणारा बाप दिवसा घरात दिसायचा. पोरे त्याला चिकटून बसायची. घरातले म्हातारे माणूस निजामाच्या राज्यातली वेठबिगार सांगायचे, मग १९५६ चे धर्मांतर सांगायचे, मधेच एखादे भीमगीत म्हणायचे. गळक्या घरातल्या त्या गोष्टींनी आमच्या कित्येक पोरांना शाळेत ढकलले. आपल्या माणसांनी हे सुख गरिबीच्या हातातून हिसकावून घेतलेले आहे. म्हणून गरिबीचे कौतुक करू नये आणि त्या सुखालाही कमी लेखू नये.

आता धम्माकडे वळू. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वर्षावास. आपल्या विहारांतून या काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ खेड्यापाड्यांतल्या आयाबहिणींनी वर्षावासातच ऐकला आणि पुढे मुलींनी मोठ्याने वाचायला घेतला. पण वर्षावास म्हणजे केवळ ग्रंथवाचन नव्हे. वर्षावासाच्या मुळाशी पाऊस आहे आणि पावसापासूनचा निवारा आहे, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत.

विनयपिटकातील महावग्गात याची हकीकत आहे. भिक्खू पावसातही चारिका करत. कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली जातात, अशी तक्रार लोकांनी केली. तथागत तेव्हा राजगृहाच्या वेळुवनात होते. लोकांची तक्रार त्यांनी रास्त मानली आणि पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कुणी भिक्खू झाडाच्या ढोलीत राहू लागले, कुणी फांद्यांच्या बेचक्यात, कुणी उघड्यावर, कुणी छत्रीखाली, तर कुणी मोठ्या रांजणात. तथागतांनी या सगळ्याला मनाई केली. राहण्याच्या जागेशिवाय वर्षावास धरायचा नाही, असा स्पष्ट नियम झाला. ज्या भिक्खूने घरदार सोडले, त्यालाही पावसाळ्यात निवारा हवा, हे तथागतांनी मान्य केले. मग ज्याने घर सोडलेले नाही, ज्याच्या पदरी लेकरे आहेत, त्याने तीन महिने प्लास्टिकच्या कागदाखाली का काढावेत?

थेरगाथेच्या अट्ठकथेत सुभूती थेरांची कथा येते. राजा बिंबिसाराने त्यांना राहण्यासाठी जागा करून देण्याचे वचन दिले आणि राजा ते विसरून गेला. थेर उघड्यावरच बसून राहिले आणि पाऊस पडेना. लोक त्रासले, तेव्हा राजाला आठवण झाली. त्याने कुटी बांधून दिली आणि मग पाऊस आला. यातला चमत्काराचा भाग बाजूला ठेवा. राहतो तो विसराळू राजा. वचन देऊन विसरणारे राज्यकर्ते अडीच हजार वर्षांपूर्वीही होते. फरक इतकाच की तेव्हा पाऊस थांबला. आता पाऊस थांबत नाही, घरकुलाचा हप्ता थांबतो.

सुत्तनिपातातले धनिय सुत्त आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले असेल. मही नदीच्या काठी धनिय नावाचा गोपालक शाकारलेल्या घरात कुटुंबासह निश्चिंत बसला आहे आणि पावसाला खुशाल ये म्हणतो आहे. तथागत त्याला दुसऱ्या निश्चिंतपणाची ओळख करून देतात. तो निश्चिंतपणा घराच्या छपरावर अवलंबून नाही, तृष्णेतून सुटलेल्या मनावर अवलंबून आहे. या सुत्ताचा आधार घेऊन कुणी म्हणते, पाहा, बुद्धाने घरातले सुख खोटे ठरवले, तेव्हा घर गळते म्हणून कसली तक्रार करता? हा अर्थ सोयीचा आहे आणि तो नेहमी पक्क्या घरात राहणारेच काढतात. ज्या मंगलसुत्ताचे आपण घरोघरी पठण करतो, त्यात आईवडिलांची सेवा आणि बायकामुलांचा सांभाळ ही उत्तम मंगले सांगितली आहेत. अनाथपिंडिकाला उपदेश करताना तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. आपल्या कष्टाचे धन असणे, ते उपभोगणे, कुणाचे देणे नसणे आणि निर्दोष वर्तन. झडीत दुकानदाराच्या वहीकडे बघून झोप उडालेल्या मजुराला यातले तिसरे सुख कोणते, ते समजावून सांगावे लागत नाही. त्याग हा ज्याच्याकडे काही आहे त्याने करायचा असतो. ज्याला छप्परच मिळू दिले नाही, त्याला त्यागाचा उपदेश करणे ही थट्टा आहे.

छप्पर मिळू दिले नाही, हा शब्दप्रयोग मी मुद्दाम करतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. महिना आठवा. जुलैची अखेर आणि ऑगस्ट. ऐन झडीचे दिवस. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे याच काळात मारले गेले. जाळणाऱ्यांनी घरे निवडली, कारण घर जाळले की माणूस पावसात उभा राहतो, त्याचे धान्य जाते, पोरांची पुस्तके जातात आणि तो गाव सोडतो. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पण त्या पावसाळ्यात उघड्यावर आलेल्या कुटुंबांनी पुढचे किती पावसाळे कसे काढले, याचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही. घराघरातल्या वृद्धांकडून तो लिहून घेण्याचे काम आपल्या शिकलेल्या मुलांचे आहे.

कायदा काय म्हणतो? जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, मुंबईतल्या पदपथांवरील झोपड्या उठवून लोकांना त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी केली. त्यातून ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा खटला उभा राहिला. या खटल्यातला एक अर्जदार संगमनेरहून आलेला, जोडे शिवणारा कारागीर होता. गावातले त्याचे घर पडले म्हणून तो १९६९ साली मुंबईला आला होता. १० जुलै १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. झोपड्या कायम राहू द्या, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. तरीही पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, त्या काढू नयेत असा आदेश दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पावसाची दखल घ्यावी लागली. छपराचा आणि जगण्याचा संबंध इतका सरळ आहे.

दुसरा खटला चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. अनुसूचित जातींच्या घरांसाठी सरकारने जमीन तातडीच्या कलमाखाली संपादित केली आणि जमीनमालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. डिसेंबर १९९५ मध्ये न्या. के. रामस्वामी यांच्या पीठाने सरकारची बाजू उचलून धरली आणि निवारा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. निवारा म्हणजे केवळ डोक्यावरचे आच्छादन नव्हे. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, स्वच्छ परिसर, उजेड, शुद्ध हवा आणि पाणी, वीज, रस्ता हे सारे त्यात येते, असे न्यायालयाने म्हटले. कोरडे घर हा आपला हक्क आहे. तो मागताना सरपंच किंवा ग्रामसेवकापुढे मान खाली घालण्याची गरज नाही.

आता जमिनीवर या. राज्य सरकारची रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट घर असे प्रमाण ठरले. या योजनांनी अनेकांच्या डोक्यावर स्लॅब आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वस्तीत फिरून पाहा. पैसा टप्प्याटप्प्याने मिळतो. जुने घर पाडल्याशिवाय नवे उभे राहत नाही. लिंटेलपर्यंत काम आले, हप्ता अडकला आणि मृग लागला, की ते कुटुंब दोन्ही घरांना मुकते. ज्याच्या नावावर जागाच नाही, त्याचे नाव यादीत येऊनही उपयोग होत नाही. अर्ज कुठे अडला, हे विचारायला पंचायत समितीत गेले की मजुरी बुडते. दोन खेपा झाल्या की माणूस गप्प बसतो. आणि हा गप्प माणूस कागदावर तक्रार नसलेला माणूस म्हणून नोंदला जातो.

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ आणि आसपासच्या गावांत रात्री झोपेत पाणी शिरले, माणसे दगावली. त्यापाठोपाठ सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाड्याची शेतेही गेली आणि घरेही. आपत्तीनंतर मदत मिळते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट भागातले घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये होते. अंशतः पडझड झालेल्या कच्च्या घराला ४ हजार आणि झोपडीला ८ हजार. म्हणजे पंचनाम्यात ‘पूर्ण’ लिहिले जाते की ‘अंशतः’, या एका शब्दावर घराचे भवितव्य ठरते. मातीच्या घराची एक भिंत बसली की उरलेल्या तीन भिंतींत राहण्याची हिंमत कुणी करू नये, हे पंचनामा करणाऱ्यालाही कळते. पण एक भिंत म्हणजे ‘अंशतः’. तिथे आपला शिकलेला तरुण उभा असला, फोटो काढले, पंचनाम्याची प्रत मागितली, तर तो शब्द बदलू शकतो. आपल्या पदव्यांचा उपयोग अशा वेळी नाही तर कधी?

शेवटी ज्यांचे घर आता कोरडे आहे त्यांच्याविषयी. नोकरीला लागलेली, स्लॅबच्या घरात आलेली आपली एक पिढी आहे. या घरांत पावसाची संध्याकाळ कशी जाते? एकाच खोलीत चार माणसे आणि चार मोबाईल. बाप कार्यकर्ता असेल तर तो घरातच नसतो. समाजासाठी फिरणाऱ्या माणसाने घराला वेळ देणे म्हणजे चळवळीशी गद्दारी, असा एक गैरसमज आपल्यात मुरलेला आहे. ज्यांनी आयुष्यभर चारिका केली त्या तथागतांनीच पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला होता. ज्या राजगृहात तो नियम झाला, त्याच नगरीचे नाव बाबासाहेबांनी दादरच्या आपल्या घराला दिले. सारी हयात संघर्षात घालवणाऱ्या त्या महामानवाला पुस्तकांसाठी आणि माणसांसाठी घर लागते हे ठाऊक होते. ज्या कार्यकर्त्याच्या मुलांना बापाची ओळख फक्त फलकावरच्या फोटोतून होते, ती मुले उद्या चळवळीत कशी येतील?

आणि पावसाची ती भजी. ती तळते कोण? बाहेर पाऊस, आत नवरा आणि मुले गप्पांत, आणि बाई स्टोव्ह नाही तर गॅसपुढे घामाघूम. सगळ्यांचे खाऊन झाल्यावर तिच्या वाट्याला गार झालेली चार भजी येतात. हे सुख कुटुंबाचे नाही, कुटुंबातल्या काही जणांचे आहे. सिगालोवाद सुत्तात पतीची कर्तव्ये सांगताना पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे आणि घरातला अधिकार तिच्या हाती देणे, हे सांगितले आहे. म्हणून पावसाच्या संध्याकाळी कढई नवऱ्याने हातात घ्यावी, आणि घरकुलाच्या कागदावर, नमुना नंबर ८ वर पत्नीचे नाव आहे का, तेही एकदा तपासावे. कढईने संध्याकाळ सुखाची होते, कागदाने आयुष्य.

या वर्षावासासाठी दोन कामे सुचवतो. पहिले काम घरातले. रोज रात्री एक तास टीव्ही आणि मोबाईल बंद. बाबासाहेबांच्या ग्रंथाची दोन पाने मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचावीत आणि त्यावर सगळ्यांनी बोलावे. म्हाताऱ्यांनी आपले दिवस सांगावेत, कुणीतरी ते वहीत लिहावेत. शेंगा भाजाव्यात, चहा करावा आणि हसावे. बौद्धांच्या घरात हसण्यावर बंदी नाही.

दुसरे काम वस्तीतले. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतल्या गळक्या घरांची यादी करावी. कुणाचा अर्ज नाही, कुणाचा हप्ता अडला, कुणाकडे जागा नाही, कोण विधवा बाई एकटी आहे, हे त्यात लिहावे. १५ ऑगस्टची ग्रामसभा वर्षावासातच येते. ती यादी त्या ग्रामसभेत वाचावी, ठरावात घ्यायला लावावी आणि ठरावाची प्रत मागावी. मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी. पुढच्या उन्हाळ्यात तीच यादी घेऊन पंचायत समितीत जावे. आणि हप्ता येईपर्यंत ज्याचे छप्पर उघडे आहे, त्याच्या छपरावर पत्रा किंवा ताडपत्री टाकायला वस्तीतल्या दहा तरुणांना एक दुपार पुरते.

विहारात ग्रंथ वाचला जात असताना मागच्या रांगेतली एखादी बाई दर थोड्या वेळाने आभाळाकडे बघत असते. तिचे लक्ष धम्मात नाही, असे कुणी समजू नये. तिचे लक्ष आपल्या छपराकडे आहे. तिला निश्चिंतपणे शेवटच्या पानापर्यंत ऐकता आले पाहिजे. त्या दिवशी आपला वर्षावास पूर्ण होईल.

जय भीम!